जळगावच्या चेस्ट क्लिनिकमधली पीएफटी (फुप्फुसाची फुंकायची टेस्ट) आणि फिजिओ: आमचा अनुभव

आमच्या नानांना (सासरे, राहणार अमळनेर) हिवाळ्यात व्हायरल न्यूमोनिया झाला होता. ताप गेला, डिस्चार्ज मिळाला, एक्सरे पण क्लिअर आला, पण दम काही जाईना. जिना चढले की मधेच कठडा धरून उभे. ज्याला विचारावं तो म्हणे वीकनेस आहे, अंडी खाऊ घाला, होईल बरं. बोटाला ऑक्सिमीटर लावलं तर ९७ दाखवायचं, म्हणून आम्ही पण गप्प. शेवटी ओळखीच्या एका नर्सताईंनी सांगितलं की फुप्फुसाची फुंकायची टेस्ट करून घ्या, म्हणून इथे आलो.

सगळ्यात आधी कौतुक टेक्निशियन ताईंचं. टेस्टच्या आधी त्यांनी नीट बसून विचारलं, एवढ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का, हार्ट अटॅक येऊन गेलाय का, सकाळी इन्हेलर घेतलाय का. फुंकताना डोळ्यावर आणि छातीवर जोर येतो म्हणून विचारावं लागतं म्हणे. मग नाकाला क्लिप, तोंडात नळी, पूर्ण श्वास घ्या आणि एका दमात बाहेर, आणि लगेच त्यांचा आवाज, "फुका नाना फुका फुका, अजून अजून, सोडू नका!" बाहेर बाकड्यावर बसलेल्यांना पण ऐकू जात होतं. नानांना मधेच खोकला आला की तो प्रयत्न बाद, पाणी पाजलं, थांबवलं, परत. तीन तरी फुंका चांगल्या यायला पाहिजेत आणि त्या एकमेकींशी जुळायला पाहिजेत, तोपर्यंत त्या सोडत नाहीत, आणि एकदाही चिडल्या नाहीत. हे महत्त्वाचं यासाठी की पेशंटने अर्धवट फुंकलं तर रिपोर्ट उगाच खराब येतो आणि औषध भलतंच चालू होतं. नंतर सालब्युटामॉलचे (श्वासनळी मोकळी करणारं औषध) पफ देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं, दम्यासारखी श्वासनळी आवळलेली असेल तर त्यात फरक दिसतो. नानांना फरक पडला नाही.

मग सहा मिनिटं चालायची टेस्ट. लांब पॅसेजमध्ये दोन टोकांना खुणा केलेल्या, बोटाला ऑक्सिमीटर, आणि आपल्या चालीने जायचं यायचं. बसल्यावर ९७ असलेले नाना चालता चालता ९१ वर आले! मी आकडा बघून घाबरलेच, घरी आम्ही कायम खुर्चीत बसवूनच मोजत होतो ना. नाना स्वतः तर पहिल्यापासून तेच सांगत होते, "बठ्ठं ठीक शे, चालनु का दम लागस" (सगळं ठीक आहे, चाललो की दम लागतो).

डॉक्टरांनी रिपोर्ट समोर ठेवून समजावलं. श्वासनळ्या मोकळ्या आहेत, पण फुप्फुसात हवा मावते तीच कमी झालीय, न्यूमोनियाचे व्रण राहिले असावेत. व्हायरलनंतरचा साधा खोकला बहुतेकांचा आठ आठवड्यांत जातो, त्यापुढे दम राहिला तर तपासायलाच पाहिजे म्हणाले. बऱ्याच जणांचं पहिल्या वर्षात सुधारतं, पण सगळ्यांचं पूर्ण भरून येईल असं नाही, हे पण स्पष्ट सांगितलं, खोटी आशा दाखवली नाही ते मला आवडलं.

फिजिओवाला मुलगा पण चांगला आहे. ओठ चंबूसारखे करून हळू श्वास सोडायचा, खुर्चीतून उठबस, थांबत थांबत चालणं वाढवायचं, सगळं करून घेतलं. श्वासाच्या व्यायामाचं ते तीन बॉलवालं खेळणं आमच्याकडे होतं, नाना त्यात फुंकत होते, कोणी सांगितलंच नव्हतं की ते आत ओढायचं असतं. आता जिन्यावर थांबतात अजून, पण कमी.

एक स्टार कापला कारण डीएलसीओची टेस्ट इथे होत नाही. रक्तात ऑक्सिजन किती नीट जातोय ते त्यात कळतं, आणि साधी फुंकायची टेस्ट नॉर्मल असूनही ती कमी येऊ शकते. त्यासाठी आम्हाला नाशिकला पाठवलं, म्हाताऱ्या माणसाला एवढा प्रवास जड जातो. अमळनेर, चोपडा, पारोळा, यावल, सगळीकडचे पेशंट इथे येतात, तेव्हा मशीन यांनी घ्यायलाच पाहिजे. आणि वेटिंगची जागा पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट बऱ्याचदा बंद. दमाच्या पेशंटला जिना चढायला लावणं बरोबर नाही, हे मी काउंटरवर पण बोलले.

जाणार असाल तर सकाळचाच नंबर लावा, उन्हाळ्यात दुपारी तर अजिबात नको. पोटभर जेवून जाऊ नका, फुंकता येत नाही. इन्हेलर चालू असेल तर टेस्टच्या आधी कधी बंद ठेवायचा ते फोनवर विचारून घ्या, व्यवस्थित सांगतात. जुने एक्सरे, सीटी, डिस्चार्ज कार्ड सगळं सोबत न्या, डॉक्टर खरंच उघडून बघतात.