अंगणातले स्टॅम्प काँक्रीट : दोन पावसाळ्यांनंतर
रत्नागिरीजवळच्या आमच्या घराच्या अंगणात एका स्थानिक ठेकेदाराकडून जांभ्याच्या चिऱ्यांसारखा ठसा उमटवलेले स्टॅम्प काँक्रीट घालून घेतले. जमीन चोपून, खडीचा थर देऊन वर ४ इंच काँक्रीट ओतणे, ते ओले असतानाच रंगाची पूड पसरून रबरी साचे दाबणे, ही कामे कारागिरांनी मन लावून केली; उतारही माडांच्या आळ्यांकडे अचूक काढला. मात्र वरून लावलेल्या सीलरमध्ये, म्हणजे काँक्रीटचे रक्षण करणाऱ्या पारदर्शक लेपात, घसरण रोखणारी पूड मिसळलेली नव्हती, त्यामुळे पहिल्याच आषाढात शेवाळ धरून अंगण इतके निसरडे झाले की आईला तुळशीपर्यंत एकटे जाऊ देण्याची भीती वाटे. कोकणात काम करणाऱ्याने हे आधी सांगायलाच हवे होते. उन्हाळ्यात अंगण घासून, पूर्ण वाळवून पूड घातलेला सीलर पुन्हा लावला. दर २-३ वर्षांनी येणाऱ्या या खर्चाचा अंदाजपत्रकात उल्लेखही नव्हता.