जावास्क्रिप्टच्या ईबुकची २०२५ ची आवृत्ती वाचली, घ्यावी की नाही ते सांगतो

चतुर्थीला आलेले चाकरमानी परत गेले, घर शांत झालं आणि मेल उघडला तर ईबुकची नवी आवृत्ती येऊन पडलेली. इंग्रजीत आहे, जावास्क्रिप्टवर (वेबपेजमागचा कोड लिहायची भाषा), दरवर्षी नवीन निघतं, मी सलग तिसऱ्या वर्षी घेतलं. इथे देवगडात दोन दिवस पाऊस आणि लाईट गेलेली, पण फोनमध्ये ईपब (स्क्रीनच्या मापात मजकूर बसवणारी ईबुकची फाईल) उतरवून ठेवलेलं म्हणून त्या दोन दिवसांतच अर्धं वाचून झालं.

दरवर्षी कशाला नवी आवृत्ती काढतात असं मित्र विचारतात, तर भाषाच दरवर्षी बदलते हो. २०१५ पासून जावास्क्रिप्टचं स्टँडर्ड, म्हणजे भाषेचे अधिकृत नियम, दर जूनला नवीन येतं, २०२५ ची ती सोळावी आवृत्ती, २०१५ आधीच्या धरून. पण पुस्तकवाले कधीकधी नुसतं वर्ष बदलतात आणि मागे दोन पानं चिकटवतात, म्हणून मी आधी तेच तपासलं. इथे तसं नाहीये, जुनी प्रकरणं खरंच परत लिहिलीत.

आमची हापूसची कलमं आहेत, बुकिंगसाठी मी घरच्या घरी एक वेबपेज बनवलंय. ज्याचं बुकिंग आधी त्याला पेटी आधी, हा बाबांचा शब्द. दोन सीझनमागे जास्त पेट्या कोणाच्या ते बघायला मी यादीवर सॉर्ट मारलं, आणि सॉर्ट मूळ यादीचाच क्रम बदलतं हे माझ्या लक्षातच नव्हतं. पुढच्या स्क्रीनवर सगळे नंबर हलले, कोल्हापूरच्या एका ताईंचा तिसरा नंबर होता तो पार खाली गेला, त्यांची पेटी आठ दिवस उशिरा गेली आणि बाबांना स्वतः फोन करून माफी मागायला लागली. मला फार लागलं ते. २०२३ च्या स्टँडर्डमध्ये टूसॉर्टेड आलंय, ते मूळ यादीला हात न लावता वेगळी यादी करून देतं. जुन्या आवृत्तीत यावर एकच ओळ होती, आता दोन पानं आहेत आणि आधीची यादी नि नंतरची यादी शेजारी शेजारी छापलीय. हे तेव्हा वाचायला मिळालं असतं तर!

ग्रुपबाय पण मस्त समजावलंय, मुंबई, पुणे, कोल्हापूर असे टेम्पोप्रमाणे गठ्ठे करायला माझा आठ ओळींचा कोड होता तो एका ओळीत आला. २०२५ चं नवीन म्हणजे सेटचं (एकच गोष्ट दोनदा न येणारी यादी) डिफरन्स, बुकिंग केलेल्यांच्या सेटमधून पैसे भरलेले वजा केले की बाकी कोणाची ते लगेच समोर. इटरेटर हेल्पर्सचं (यादीतली एकेक गोष्ट घेत काम करायची सोय) प्रकरण मात्र घाईत उरकल्यासारखं वाटलं, मला दोनदा वाचून पण नीट बसलं नाही.

आता खटकलेलं. कुठली गोष्ट कुठल्या ब्राउझरपासून चालते हे पुस्तकात कुठेच नाही. मी वाचून उत्साहाने ग्रुपबाय टाकलं आणि संध्याकाळी काकांचा फोन, "अरे, हयसर कायच दिसणा नाय रे!" त्यांचा फोन जुना, क्रोम कित्येक दिवस अपडेटच नाही, आणि ग्रुपबायला क्रोम ११७ तरी लागतं. शहरात ठीक असेल, पण आमच्याकडे हातात जुने फोन असलेली माणसं खूप आहेत, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक छोटा तक्ता दिला असता तर बरं झालं असतं. लेखकाला मी तसं लिहून कळवलंय. आणि फोनवर वाचणार असाल तर पीडीएफच्या नादी लागू नका, कोड सारखा आडवा सरकवावा लागतो, ईपबच घ्या.

जुन्या ग्राहकांना नवी आवृत्ती निम्म्या किमतीत मिळते. गेल्या वर्षीची असेल तर आधी सुरुवातीची 'काय बदललं' ही पानं बघा, ती नमुन्यात फुकट आहेत, त्यातल्या दोन-तीन गोष्टी जरी तुमच्या कामाच्या निघाल्या तरी घ्या. पहिल्यांदाच शिकत असाल तर विचार करू नका, हीच घ्या. मी पुढच्या वर्षीपण घेणार. काकांसाठी जुना आठ ओळींचा कोड परत टाकलाय, मार्चमध्ये पहिली पेटी निघेपर्यंत तोच राहील.