स्कॉर्पिओ, थार का जिम्नी? सुट्टीपुरतं घरी येणाऱ्या जवानासाठी

भाचा अग्निवीर आहे, तिसरं वर्ष चालू. परवा रात्री फोन करून म्हणतो, मामा, थार घेतोय, काळी, तीन दरवाजावाली, आता कुणी अडवू नका. म्हटलं अडवत नाय, फक्त ऐकून घे. त्याला सांगितलं तेच इथं टाकतोय.

माझी पहिली दमदार गाडी म्हणजे सेकंडहँड स्कॉर्पिओ. 2004 चं मॉडेल, 2.6 लिटर टर्बो डिझेल, 109 हॉर्सपॉवर, घेतली 2011 मध्ये. तेव्हा मी फौजेत, युनिटच्या एमटीत म्हणजे गाड्यांच्या विभागात ड्रायव्हर होतो, रोज सकाळी फर्स्ट परेड म्हणजे गाड्यांची तपासणी, मग दिवसभर स्टॅलियन ट्रक नाहीतर जिप्सी. पुण्यातून गाडी ताब्यात घेतली आणि साताऱ्याकडं निघालो, खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरात टर्बो लागला आणि पाठ सीटला टेकली ती वर पोचेपर्यंत टेकलेलीच. भरलेला स्टॅलियन घाटात चढवणाऱ्या माणसाला ते काय वाटलं असेल बघा. वर जाऊन उगाच थांबलो, चहा घेतला, लांबून गाडीकडं बघत बसलो.

पण चालवली किती? आम्हाला वर्षाला 60 दिवस ॲन्युअल लीव्ह आणि 30 दिवस कॅज्युअल, त्यातला प्रवास वजा करा. बाकी नऊ महिने गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी. वडिलांना गाडी येत नव्हती, त्यांना मी फक्त चालू-बंद करायला शिकवलं होतं, दर रविवारी वीस मिनिटं चालू ठेवा आणि बंद करण्याआधी मिनिटभर तशीच राहू द्या, टर्बो गार व्हायला पाहिजे. घड्याळ बघायचे नाहीत ते. तंबाखू मळून तोंडात टाकली की चावी फिरवायची, हे त्यांचं माप. एकदा ते महिनाभर आजारी होते, मी आलो तर बॅटरी मेलेली आणि उंदरांनी वायरिंगचा भुगा केलेला, सुट्टीचे पहिले पाच दिवस इलेक्ट्रिशियनच्या दारात गेले. चूक माझीच, जाताना बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवलं असतं तरी निम्मं वाचलं असतं.

तर भाच्याला वर्षाला सुट्टी 30 दिवस. अकरा महिने गाडी घरच्यांची, त्याची नाहीच. म्हणून थारला माझा विरोध. गाडी वाईट म्हणून नाय हां, 1.5 डिझेल घे नाहीतर 2.2, दोन्हीत टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, 300 एनएम, घाटात मजाच मजा. पण सीटा चार, मागं बसायला पुढची सीट पाडून आत घुसायचं, आणि माझ्या बहिणीचे गुडघे दुखतात. जेजुरीला जायचं ठरलं तर कोण घरी राहणार? 4बाय4, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद, ते तर सोडूनच दे, आमच्या शेतापर्यंत डांबर आहे.

जिम्नीत माझा स्वतःचा जीव अडकतो, जिप्सी चालवलेल्याला ती हातात घेतली की कळतं. हलकी, बाराशे किलोच्या आसपास, 4बाय4 सगळ्या मॉडेलला, दरवाजे पाच. पण सीटा इथंही चारच, आणि 1.5 पेट्रोलला 105 पीएस, म्हणजे हॉर्सपॉवरच जवळपास, टॉर्क 134. ज्याला पाठ सीटला टेकायला हवीय त्याचं या गाडीत समाधान होणार नाय. डोंगरात पोस्टिंगवर सोबत ठेवणार असशील तर वेगळी गोष्ट, पण बराकीत राहणारा पोरगा गाडी ठेवणार कुठं?

स्कॉर्पिओ क्लासिक, 2.2 डिझेल, 132 पीएस, टॉर्क तोच 300, माणसं सात-नऊ बसतात. 4बाय4 नाही, लांबी साडेचार मीटरच्या जवळ, गल्लीत वळवताना घाम काढते. तरी घरच्यांच्या उपयोगाची हीच.

आता पैसे. नवी कुठलीही घे, रस्त्यावर येईपर्यंत दहा लाख ओलांडतेच. आठ लाख कर्ज, 9 टक्के, सात वर्षं, हप्ता 12,870 च्या आसपास. तिसऱ्या वर्षी त्याच्या हातात 25,550 येतात, म्हणजे निम्मा पगार गेला, आणि नोकरीची हमी चारच वर्षांची, पुढं शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस राहणार. त्या पंचवीसात नाही आला तर चार वर्षांनी सेवा निधीचे जे एकरकमी दहा-अकरा लाख येतील त्यावर त्याला पुढचं काहीतरी उभं करायचंय, ते मधेच शोरूममध्ये का ओतायचे?

म्हणून म्हटलं जुनी स्कॉर्पिओ घे, 2.2 एमहॉक डिझेल इंजिनाची, रोख जमेल तेवढ्यातली. पोरगा नाराज झाला, पण फोन ठेवला नाय. कराडला 2016 ची एक आहे, 120 पीएसवाली, रविवारी बघून येतो. मालकाला आधीच सांगितलंय, मी आल्यावरच चालू करायची, खोट कळते ती इंजिन थंड असताना चालू करतानाच. इंजिन गरम करून ठेवलेलं दिसलं तर बॉनेटला हात लावून तिथूनच माघारी.