किप-चेप की अराप? कालेंजिन नावांतला फरक

केनियातल्या कालेंजिन समाजात जन्माचं नाव वेळ-प्रसंगावरून पडतं. मुलाला ‘किप’, मुलीला ‘चेप’ किंवा ‘चे’. पावसात जन्मला तर किप्रोप, मुलगी असेल तर चेरोप; सकाळी गुरं चरायला निघताना झालेली चेपङेटिच. त्यामुळे दोन किप्रोप भेटले म्हणून भाऊबंद समजू नये.

‘अराप’ची गोष्ट वेगळी. वयात येतानाच्या दीक्षाविधीनंतर पुरुष बापाचं नाव लावतो, त्यातला ‘किप’ गाळून: किप्रोटिचचा मुलगा अराप रोटिच. घराणं कळायला हेच कामाचं. मात्र मुलींना ‘अराप’ लागत नाही.

कागदोपत्री घोळ होतो तो आडनावाच्या रकान्यात. धावपटू फेथ चेपङेटिच किपयेगोन घ्या: ‘किप’ पाहून पुरुष समजाल. पण तो ‘किप’ आडनावातला; तिचं स्वतःचं जन्माचं नाव मधलं, ‘चेप’वालं आहे.