एनजिनएक्स : व्हिडिओ वाटायला दमदार, पण सेटिंग स्वतः करून घ्या

एचएलएस किंवा डॅश (व्हिडिओ छोट्या तुकड्यांत पाठवायच्या पद्धती) यांचे तयार तुकडे हजारो प्रेक्षकांपर्यंत पोचवायचे असतील, तर एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या मोफत आवृत्तीला आमची पसंती आहे. नेटफ्लिक्सची वितरण यंत्रंही फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर हाच सर्व्हर चालवतात. मात्र नुसता इन्स्टॉल करून सोडून दिलात तर १० जीबीपीएसचं नेटवर्क कार्ड पूर्ण वापरलं जाईलच असं नाही.

आधी हिशोब मांडा. १०८०पी ५ एमबीपीएसवर धरलं, तर ६ सेकंदांचा तुकडा पावणेचार एमबीचा होतो आणि २००० प्रेक्षकांतच १० जीबीपीएस संपतात. एवढा डेटा कर्नलमधून (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून) प्रोग्रॅममध्ये आणि पुन्हा कर्नलमध्ये कॉपी करणं प्रोसेसरला जड जातं. 'सेंडफाइल ऑन' केलं की ही फेरी वाचते. पण इथेच बरेच जण फसतात: एचटीटीपीएस लावलं की एन्क्रिप्शनसाठी डेटा प्रोग्रॅममध्ये आणावाच लागतो, आणि सेंडफाइल कागदावरच राहतं. उपाय केटीएलएस, म्हणजे एन्क्रिप्शन कर्नलमध्येच करणं. त्यासाठी एनजिनएक्स १.२१.४ किंवा पुढचा, केटीएलएस चालू ठेवून बांधलेलं ओपनएसएसएल ३ (एन्क्रिप्शनची लायब्ररी) आणि नवा लिनक्स कर्नल लागतो. शिवाय कॉन्फिगमध्ये 'ऑप्शन्स केटीएलएस' लिहावं लागतं, ते आपोआप होत नाही.

दुसरी अडचण डिस्कची. 'टॉप' या देखरेखीच्या कमांडमध्ये प्रोसेसर रिकामा दिसतो, वर्कर (एनजिनएक्सच्या काम करणाऱ्या प्रोसेस) मात्र 'डी' स्थितीत अडकलेले, म्हणजे डिस्कची वाट पाहणारे. एक वर्कर थांबला की त्याच्यावरचे सगळे प्रेक्षक थांबतात, व्हिडिओ अडखळतो. 'एआयओ थ्रेड्स' लावा, वाचनाचं काम वेगळ्या थ्रेडकडे (समांतर चालणाऱ्या धाग्याकडे) जातं. थ्रेडच्या मूळ गटात (पूलमध्ये) ३२ थ्रेड असतात. डायरेक्टआयओ मात्र जपून वापरा. ते पेज कॅशला (मेमरीत साठवलेल्या फायलींना) वळसा घालून थेट डिस्कवरून वाचतं आणि ठरवलेल्या मर्यादेहून मोठ्या फायलींना लागू होतं, त्यामुळे ही मर्यादा ४ एमबीच्या खाली ठेवलीत तर सगळे मागतात तो लाइव्ह तुकडाही दरवेळी डिस्कवरून येईल. आम्ही १६ एमबी सुचवतो, म्हणजे ते फक्त लांबलचक एमपी४ फायलींना लागू होईल.

नेटवर्कच्या बाजूला लिनक्सची एक सवय घातक ठरते. दोन तुकड्यांमध्ये काही सेकंद कनेक्शन शांत राहिलं की टीसीपी (डेटा पोचवणारा नेटवर्क प्रोटोकॉल) पुन्हा हळू सुरुवात करतं आणि प्लेअर विनाकारण ४८०पीवर उतरतो. 'टीसीपी स्लो स्टार्ट आफ्टर आयडल' ० करा. सोबत बीबीआर (डेटाचा वेग ठरवणारी पद्धत) आणि एफक्यू (पॅकेटांची रांग लावणारी पद्धत) लावलंत तर मोबाइल नेटवर्कवरच्या प्रेक्षकांना फरक जाणवेल.

एज सर्व्हरवर, म्हणजे मूळ सर्व्हरकडून तुकडे आणून प्रेक्षकांजवळ साठवणाऱ्या सर्व्हरवर, 'प्रॉक्सी कॅश लॉक' हवंच; ते एका तुकड्यासाठी एकच विनंती मूळ सर्व्हरकडे जाऊ देतं. नाहीतर नवा तुकडा आला की सगळ्यांच्या विनंत्या एकदमच मूळ सर्व्हरवर आदळतात. पण लॉकमागे थांबलेली विनंती तुकडा आला का हे ५०० मिलिसेकंदांनी एकदा तपासते. साध्या एचएलएसला हे चालतं, लो-लेटन्सीला (अगदी कमी विलंबाच्या लाइव्हला) अजिबात नाही. आमची सगळ्यात मोठी तक्रार हीच. प्लेलिस्ट (तुकड्यांची यादी) मात्र १-२ सेकंदांपेक्षा जास्त कॅश करू नका, प्लेअर जुन्या यादीवरच अडकतो.

एमपी४ फायलीचे जागच्या जागी एचएलएस तुकडे करणारं मॉड्यूल फक्त विकतच्या आवृत्तीत मिळतं. मोफत आवृत्तीसाठी तुकडे एफएफएमपेग या व्हिडिओच्या साधनाने आधीच पाडून ठेवा. थेट एमपी४ द्यायची असेल तर 'फास्टस्टार्ट' लावा, म्हणजे मूव्ह अ‍ॅटम (व्हिडिओची अनुक्रमणिका) फायलीच्या सुरुवातीला येतो आणि प्लेअरला त्यासाठी शेवटापर्यंत शोधत जावं लागत नाही.