इंडक्शन फर्नेसला झाकण: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

बेळगावच्या उद्यमबागेत आमची छोटी फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, आहे. अर्ध्या टनाची विजेवर चालणारी फर्नेस, दोन क्रुसिबल (लोखंड वितळवायची भांडी), काम मुख्यतः ग्रे आयर्नचं: पंपाची केसिंग, व्हॉल्व्ह बॉडी, मोटरच्या बॉड्या. फेब्रुवारीत दोन्ही क्रुसिबलना हायड्रॉलिकवर बाजूला फिरणारी झाकणं बसवून घेतली. आता दिवाळी होऊन गेली. मच्छे, होनग्याकडचे ओळखीचे फाउंड्रीवाले भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, "लाइट बिल किती उतरलं?" म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

हा विषय बेळगावला नवा नाही. युनिडो (संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संस्था), जीईएफ (जागतिक पर्यावरण निधी) आणि बीईई (केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो) यांच्या ऊर्जाबचत प्रकल्पात कोइंबतूर आणि इंदूरबरोबर आपलंही फाउंड्री क्लस्टर होतं. लिड मेकॅनिझम, म्हणजे हेच फिरणारं झाकण, हे नाव इथं बहुतेकांच्या कानावरून गेलंय. तरीही बऱ्याच फर्नेस अजून उघड्याच चालतात, कारण झाकणानं नक्की काय वाचतं हे नीट कुणी सांगत नाही.

एक टन लोखंड वितळवून 1500 अंशांवर न्यायला हिशोबानं साधारण 390 युनिट लागतात. प्रत्यक्षात आपल्यासारख्या फाउंड्रीत त्याच्या दीडपटीहून जास्त जातात. मोठा वाटा कॉइल (भट्टीभोवतीचं तांब्याचं वेटोळं) थंड ठेवणारं पाणी घेऊन जातं, काही लायनिंगमधून (भट्टीच्या आतल्या अस्तरातून) जातं आणि काही वरच्या उघड्या तोंडातून सरळ छपराकडे जातं. ही वरची उष्णता तापमानाबरोबर भलतीच वाढते. 1400 वरून 1500 वर गेलात तर ती जवळजवळ सव्वापट होते. म्हणजे मेल्ट (वितळलेलं लोखंड) तयार होऊन नुसतं थांबलेलं असतं तेव्हाच सगळ्यात जास्त वाया जातं. झाकणाची खरी कमाई तिथं आहे.

आमचे आकडे सांगतो. फर्नेसला स्वतंत्र मीटर आहे. तो नसेल तर आधी तो बसवा, कारण हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) बिलात कॉम्प्रेसर, सँड प्लांट, शॉट ब्लास्टिंग सगळं एकत्र येतं आणि त्यातून झाकणाचा फरक शोधता येत नाही. झाकणाआधी टनाला 640 च्या आसपास युनिट लागायचे. आता 605 ते 615 लागतात. पण हे सगळं श्रेय झाकणाचं नाही. त्याच सुमारास आम्ही रनर-रायझर (ओतकामातून उरलेले जादा तुकडे) भट्टीत टाकण्याआधी टंबलिंग करून, म्हणजे पिंपात फिरवून, त्यांची वाळू झाडायला लागलो. वाळू फर्नेसमध्ये गेली की तीही वितळते, स्लॅग (वर तरंगणारी मळी) होते आणि किलोमागे अर्ध्या युनिटाहून जास्त वीज खाते. झाकणाचा निम्मा वाटा धरला तरी महिन्याच्या शंभर टनांवर दीड हजार युनिट होतात. देशाच्या ग्रिडमध्ये युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे महिन्याला एक टन. आपल्याकडे शरावतीचं पाणी आहे, पावगडची सौर वीज आहे, पण रायचूर आणि बळ्ळारीत कोळसाही जळतोच. कोकचा क्युपोला (कोळशावरची जुनी भट्टी) बंद झाला म्हणून आपला धूर संपला असं मी मानत नाही. तो तिकडच्या चिमणीतून निघतो, आणि तो कमी करणं आपल्या हातात आहे.

डिमांड चार्ज, म्हणजे बिलातला जास्तीत जास्त वीजभारावरचा आकार, मात्र एक रुपयानं कमी झाला नाही. होणारही नाही, कारण केव्हीए, म्हणजे भार, तेवढेच लागतात. विकणाऱ्यानं दाखवलेल्या कागदावर हे कुठंच नव्हतं.

आता कामाची गोष्ट. झाकण असूनही पहिले काही आठवडे मीटरवर फरकच दिसेना. मग हीटच्या (एकेका भट्टीभर वितळवणीच्या) वहीत एक रकाना वाढवला: मेल्ट तयार झाल्याची वेळ आणि पहिलं लॅडल (ओतायचं भांडं) भरल्याची वेळ. मधली मिनिटं बघून डोकं चक्रावलं. कधी स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक तपासणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट यायचा असे, कधी लॅडल तापवलेलं नसे, कधी मोल्डिंगचे (वाळूच्या साच्यांचे) बॉक्स बंद व्हायचे असत. आणि थांबावं लागणार हे ठाऊक असल्यामुळे फर्नेसमन आधीच तापमान 1540 पर्यंत चढवून ठेवत. त्यात वीज तर जातेच, शिवाय एवढ्या तापमानाला मेल्टमधला कार्बन लायनिंगची सिलिका खायला लागतो. कार्बन उतरतो, सिलिकॉन चढतं, मग पुन्हा कार्ब्युरायझर (कार्बन वाढवणारी पूड) टाका. आता नमुना काढला की झाकण बंद, आणि मोल्डिंगकडून हाक आल्यावरच शेवटचं तापमान. खरी बचत तेव्हापासून दिसायला लागली.

आमचे फर्नेसमन मामा मूळचे खानापूर भागातले, जन्म भट्टीवर गेलेला. त्यांना सुरुवातीला झाकण म्हणजे कटकट वाटायची. एप्रिलमध्ये एका दुपारी प्लॅटफॉर्मवर टेकून उभे होते, झाकणाच्या कडेनं फक्त नारिंगी रेघ दिसत होती. म्हणाले, "मालक, आता हितं उभारायला येतंय बघा. आधी तोंड भाजायचं." माझ्या दृष्टीनं हा फायदा युनिटांपेक्षा कमी नाही. संध्याकाळी शेवटची हीट ओतल्यावर मोकळ्या क्रुसिबलवर झाकण ठेवतो. लायनिंग सावकाश थंड होतं, सकाळी बारीक भेगा कमी दिसतात.

त्रास कुठं झाला तेही सांगतो. आतल्या सिरॅमिक फायबरची कड सगळ्यात आधी गेली. स्लॅगचे शिंतोडे उडून चिकटतात, ते काढताना फायबरचा तुकडा निघतो. ती धूळ छातीला वाईट, बदलताना मास्क हवाच. सिलिंडरचं सील उष्णतेनं दोनदा गेलं. बसवणाऱ्यानं सिलिंडर भट्टीच्या फार जवळ घेतला होता, मध्ये पत्र्याचा आडोसा आम्हीच घातला.

सगळ्यात मोठी काळजी ब्रिजिंगची. लांब भंगार वर अडकून पूल झाला आणि झाकण बंद असेल, तर खाली मेल्ट नुसतंच तापत राहतं आणि वरून काही कळत नाही. अशाच वेळी लायनिंग फुटतं, जीवावर बेततं. म्हणून चार्ज (भट्टीत टाकलेला माल) पूर्ण खाली बसेपर्यंत फर्नेसमनची नजर हटता कामा नये, आणि झाकणाला बघायचं भोक पाहिजेच. आमच्या पहिल्या झाकणाला नव्हतं, परत पाठवून पाडून घेतलं. भंगार तोडून घेतल्यावर झाकण आणखी लवकर लावता यायला लागलं, हा वेगळा फायदा. पावसाळ्यात ओल्या भंगारामुळे मेल्ट उसळण्याचा धोका झाकणानं कमी होत नाही. आपल्याकडचा जून-जुलै माहीतच आहे. स्क्रॅप शेडखाली आणि एक दिवस आधी आतच पाहिजे.

पैसे वसूल व्हायला आमच्या हिशोबानं दोन वर्षं लागतील. रोज सात-आठ हीट काढणाऱ्यांनी जरूर घ्यावं. दिवसाला एक-दोन हीट असतील तर हायड्रॉलिकच्या भानगडीत पडू नका. पत्र्याच्या चकतीला आतून फायबर लावा आणि चेनब्लॉकनं उचला, तेवढ्यात बरंच भागतं.

पुढच्या लायनिंगच्या वेळी एका झाकणाची कड कास्टेबलनं (उष्णता सहन करणाऱ्या सिमेंटसारख्या मिश्रणानं) भरून घेणार आहे, मध्ये फायबरच ठेवून. वजन वाढेल, पण शिंतोडे झाडताना तुटणार नाही असा अंदाज आहे. ते किती टिकलं ते चार-सहा महिन्यांनी लिहितो.