परळच्या बेचाळीस मजली इमारतीतील सदनिका: दोन वर्षांनंतरचा अभिप्राय

परळमधील एका जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या 42 मजली इमारतीत आम्ही बांधकाम चालू असतानाच सदनिका घेतली. ताबा ठरल्या तारखेनंतर चौदा महिन्यांनी मिळाला. बांधकाम मात्र पक्के आहे. मायवान पद्धतीत ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब यांचे काँक्रीट एकाच वेळी ओतले जात असल्याने भिंती ओळंब्यात आल्या असून दोन पावसाळ्यांत कोठेही ओल दिसलेली नाही. परंतु विटांच्या भिंतीप्रमाणे येथे नंतर काही फोडता येत नाही, त्यामुळे विजेचे पॉइंट कोठे हवेत याचा विचार काँक्रीट पडण्यापूर्वीच व्हावा लागतो, आणि देवघराची साधी फळी बसवायची तरी हॅमर ड्रिलवाला बोलवावा लागतो. सकाळी आठला लिफ्टसाठी ताटकळणे नित्याचे आहे.

2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन व विकास कायद्यानुसार ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करायचे असतात. स्नानगृहातील पोकळ वाजणाऱ्या टाइल्स आम्ही याच आधारे, अर्थात तीन लेखी पत्रांनंतर, बदलून घेतल्या. ताबा उशिरा दिल्याबद्दल विकासकाने द्यायच्या व्याजाचा विषय मात्र काढला, की विक्री कार्यालयातील चहासुद्धा बंद होतो.